एकेचाळीस सूचना आणि एक चष्मा

सकाळी सव्वासहाला मी जहाजाच्या बाराव्या मजल्यावर रुमाल टाकत होतो. समोर भिंतीएवढी काच, काचेपलीकडे अलास्काचं करडं पाणी आणि काचेला लागून गुबगुबीत खुर्च्यांची पहिली रांग. मी खुर्च्या मोजल्या, एकवीस भरल्या. आमची सांगली-मिरजेची मंडळीही एकवीसच होती. हा योग मी माझ्या हुशारीच्या खात्यात जमा केला.

"हळबेसाहेब, माझा चौकड्याचा हितं टाका," आरवाडे म्हणाले, "आन् हिचा शेजारी. मधी कोण बसाय नको."

आरवाडे हळदीचे व्यापारी. आमच्यात सगळ्यात मोठा रुमाल त्यांचाच होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आम्हा सगळ्यांचा जन्म गेलेला; त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. सूचना क्रमांक सतरा, 'हिमनदीच्या दिवशी पहाटे उठून पुढच्या रांगेत रुमाल टाकावेत आणि मग निवांत नाश्त्याला जावे', ही माझ्या एकेचाळीस सूचनांपैकी सर्वांना एका वाचनात पटलेली एकमेव सूचना होती.

प्रत्येक खांबावर एक छोटी पाटी होती. सोडून गेलेल्या वस्तू अर्ध्या तासानंतर उचलल्या जातील आणि पाचव्या मजल्यावरच्या खिडकीवर मिळतील, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. मी ती वाचली आणि पुढचा रुमाल टाकला. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते, की पाट्या दुसऱ्यांसाठी असतात. शिवाय त्या जहाजावर सूचना देण्याचं काम माझं होतं.

शेवटच्या खुर्चीशी गलगले बाई उभ्या होत्या. वय एकाहत्तर, अंगात तपकिरी स्वेटर, गळ्यात साखळीला अडकवलेला वाचायचा चष्मा. मिरजेच्या मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता.

"बाई, रुमाल?"

"रुमाल नाही माझ्याकडे. पदर असतो."

"मग काहीतरी ठेवा. पर्समध्ये काय आहे?"

त्यांनी पर्स उघडली. पासपोर्ट, आलेपाक, गोळ्यांची डबी आणि चष्म्याचं निळं घर. आत लांबचं बघायचा चष्मा होता. मोतीबिंदू काढूनही लांबचा नंबर राहिला होता आणि हा चष्मा त्यांनी निघायच्या आधी आठ दिवस नवा करून घेतला होता, खास या सकाळसाठी.

"हे चालेल," मी म्हणालो.

"चष्मा? हळबे, हा लागेल मला."

"नाश्त्याला लांबचं काय बघायचंय बाई? इडली काही मैलभर लांब नसते. आपण येतोच आहोत परत."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पाटीकडे एकदा पाहिलं. मग चष्म्याचं घर खुर्चीवर ठेवलं आणि ते सरळ केलं. मी पुढे झालो.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. एकेचाळीस सूचना कुठून आल्या ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा भाचा मंदार सहली काढतो. अष्टविनायकापासून सुरुवात करून तो अलास्काच्या क्रूझपर्यंत पोचला. प्रवाशांची निघण्याआधीची बैठक मिरजेतल्या एका मंगल कार्यालयात होती. पुण्याहून एक अनुभवी गृहस्थ येऊन पहिल्यांदा क्रूझला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणार होते. त्यांचा घसा बसला. "मामा, तुमचं वाचन आहे, वीस मिनिटं बोला," मंदार म्हणाला. वाचन होतंच. निवृत्तीनंतर मी दुसरं करत काय होतो? माझा जलप्रवास म्हणजे कोयनेच्या जलाशयात खात्याच्या होडीतून अर्धा तास, आणि त्यातली वीस मिनिटं मी होडीच्या कडेवरून तोंड बाहेर काढून ओकत होतो.

सुरुवात बरी झाली. गरम कपडे एकावर एक घाला, पायमोजे जास्तीचे घ्या. मग आरवाडे वहिनींनी वडा खाता खाता विचारलं, "पण तुम्ही स्वतः गेलाय का कधी?"

तेव्हाच 'नाही' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण प्रवासी आणि त्यांच्या घरची मिळून पन्नास माणसं वडे थांबवून माझ्याकडे बघत होती, आणि माझ्याकडे पन्नास माणसांनी असं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"म्हणजे काय," मी म्हणालो. "नॉर्वेला."

त्यानंतर मला आवरायला कुणी नव्हतं. नॉर्वेतला वारा सांगितला, कप्तानाशी झालेलं बोलणं सांगितलं. जहाजात वाट चुकलात तर गालिचा बघा, त्यावर मासे विणलेले असतात आणि त्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या बाजूला असतात, हे सांगितलं. बर्फ, देवमासे, पेंग्विन, सगळं डेकवरून आरामात दिसतं, धावपळ करायची नाही, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. मंदारने तिथल्या तिथे जाहीर केलं, की मामा मार्गदर्शक म्हणून बरोबर येतील. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही जा. बुडालात तर कागदपत्रं बघायला घरी कुणीतरी हवं."

जहाजावर चढल्यापासून माझी परीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी केबिनमध्ये आडवा पडून आख्खा आलेपाक संपवला आणि जेट लॅगचं कारण सांगितलं. गालिच्यावर मासे नव्हते, पानं होती. मी म्हणालो, पानांची टोकंही पुढेच असतात. त्या टोकांमागे गेलेलं आरवाडे जोडपं तासाभराने धोबीखान्यापाशी सापडलं. कपडे एकावर एक घालायला सांगितले होते ते मंडळींनी इतकं मनावर घेतलं, की गरम केलेल्या भोजनगृहात आमची एकवीस माणसं माकडटोपी घालून घाम पुसत सूप पीत होती आणि वाढणारे लोक आम्हाला बरं नसल्याचं समजून हळू बोलत होते. तरी कुणी माझ्यावर शंका घेतली नाही. ठाम बोलणाऱ्या माणसावर आपल्याकडे शंका घेत नाहीत, स्वतःवर घेतात.

बाईंशी माझं खरं बोलणं झालं ते हिमनदीच्या आदल्या दुपारी. त्या डेकवर एकट्या बसल्या होत्या.

"तुम्ही एकट्याच आलात बाई?"

"मुलींनी पाठवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थिनींनी. त्र्याऐंशी सालचा वर्ग. आता चाळिशीच्या पुढे गेल्यात सगळ्या. तेव्हा नववीत एकीनं उठून विचारलं होतं, बाई, हिमनदी तुम्ही पाहिलीय? मी म्हटलं, पाहीन तेव्हा सांगेन. त्यांनी ते ध्यानात ठेवलं, काय म्हणावं! मागच्या वर्षी सगळ्या जमल्या आणि म्हणाल्या, बाई, आता जाऊन या आणि तो तास घ्या."

"वा."

"परत गेले की शाळेच्या त्याच वर्गात बसणार आहेत. मी फळ्यापाशी. चौतीस वर्षं मी पांढऱ्या खडूनं एकच आकृती काढत आले, हळबे. ती बरोबर होती का ते उद्या कळेल. दुसरं काही बघायचं नाही मला इथं."

"उद्या तुम्हाला पहिल्या रांगेत बसवतो," मी म्हणालो. आणि मनापासून म्हणालो, तेच आज जास्त टोचतं.

तर, रुमाल टाकून आम्ही नाश्त्याला गेलो. सूचना क्रमांक नऊ: पहिल्या फेरीत फक्त पाहणी करावी, दुसऱ्या फेरीत वाढून घ्यावे. एकवीस जणांनी पाहणी केली. मग वाढून घेतलं. मग आरवाडे वहिनींनी पिशवीतून मेतकूट काढलं, ते सगळीकडे फिरलं. बाईंनी एक टोस्ट खाल्ला आणि त्या दोनदा म्हणाल्या, "हळबे, निघूया का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "जागा धरल्यात बाई. आता घाई त्यांनी करायची ज्यांनी धरल्या नाहीत."

कप्तानाचा आवाज कर्ण्यावरून आला तेव्हा आम्ही तिसरा चहा पीत होतो. हिमनदी दहा मिनिटांत समोर येईल, जहाज तिच्यापुढे अर्धा तास थांबेल, असं काहीसं तो म्हणाला.

वर गेलो तर पहिली रांग भरलेली. एकवीस खुर्च्यांवर एकवीस गोरे म्हातारे-म्हाताऱ्या बसले होते. आरवाड्यांच्या खुर्चीवर एक आजी लोकरीचं काहीतरी विणत होत्या.

"माझा रुमाल व्हता हितं," आरवाडे त्यांना मराठीत म्हणाले.

आजी हसून "गुड मॉर्निंग" म्हणाल्या.

"गुड मॉर्निंग काय? रुमाल कुठाय?"

तिथल्या एका कर्मचारी बाईने पाटीवर बोट ठेवलं. आमची सगळी मंडळी पाटीकडे वळली आणि पाटी वाचून माझ्याकडे वळली. नॉर्वेला अशी पद्धत नव्हती, असं मी म्हणालो. ते मी तेव्हाही म्हणालो, हे लिहून ठेवायला हवं.

बाकीचे कुरकुरत उघड्या डेकवर गेले. रुमालावाचून कुणाचं अडत नव्हतं. बाई मात्र रिकाम्या हाताने जागच्या जागी उभ्या होत्या.

"आणतो मी," मी म्हणालो. "पाचव्या मजल्यावर आहे. दहा मिनिटं."

"किती लांबचं दिसत नाही म्हणून सांगू तुम्हाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ती बाई विणतेय तिचं तोंड मला दिसत नाही. मी बाहेर कठड्याशी उभी राहते. गुडघ्यामुळं जिना झेपत नाही मला, नाहीतर स्वतः गेले असते."

मी निघालो. लिफ्टपुढे वर येणाऱ्यांची ही गर्दी. मी जिन्याने उतरलो. पाचव्या मजल्यावर पोचलो आणि खिडकी पुढच्या बाजूला की मागच्या, ते कळेना. खाली गालिचा होता आणि त्यावर पानं होती. खरं सांगतो, मी पानांची टोकं बघितली. माझीच थाप मला इतकी पाठ झाली होती, की मी त्या टोकांच्या दिशेने जहाजाची आख्खी लांबी चाललो आणि एका बंद नाट्यगृहाच्या दारावर जाऊन थडकलो. तिथून उलटा पळालो. वाटेत सोनाराची दुकानं, फोटोंची दुकानं, सगळी रिकामी. वय सदुसष्ट, अंगात चार थरांचे कपडे, डोक्यावर माकडटोपी. घामाने डोळे चुरचुरत होते.

खिडकी सापडली तेव्हा ती बंद होती. 'पंधरा मिनिटांत येतो' अशी पाटी. ही पाटी मात्र मी पाळली, कारण दुसरा इलाज नव्हता. त्या मजल्याला कुठे बाहेरची काच नव्हती. पिवळे दिवे, संथ वाजणारं संगीत आणि मी. काचेमागे एक वेताची टोपली दिसत होती. वरती आरवाड्यांचा चौकड्याचा रुमाल आणि खाली कुठेतरी निळं टोक.

तेवढ्यात कुठेतरी धप्प झालं. गोदामात हळदीचं पोतं पडावं तसा आवाज, आणि पायाखाली किंचित थरथर. मुदपाकखान्यात कुणीतरी काहीतरी पाडलं, असं वाटलं. मी घड्याळ बघत राहिलो.

खिडकीवाला आला तो गोव्याचा निघाला, फर्नांडिस नावाचा. माझी टोपी बघून त्याने सरळ मराठीत विचारलं, "रुमाल काय, सायबा?"

"चष्मा. तुम्हाला कसं कळलं?"

"दर वर्षी टोपली भरते. रुमाल बघितला की आम्ही वळखतो कुठली मंडळी आली." त्याने टोपली ओढली. "पहिलीच वेळ जहाजावर?"

"हो," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत तो खरा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला. काही जड गेलं नाही. ऐकायला आमच्यापैकी कुणी नव्हतं ना.

"मग तुम्ही वर का नाय?" त्याने निळं घर माझ्या हातात ठेवलं. "आत्ताच मोठा तुकडा पडला बर्फाचा. तोच बघाय गेलो होतो मी. वीस वर्षं बघतो, तरी जातो."

मला तो पोत्याचा आवाज आठवला. मी त्याला नीट धन्यवादही दिले नाहीत.

परत बाराव्या मजल्यावर पोचेपर्यंत जहाज वळलं होतं. माणसं आत येऊन गरम सूप घेत होती. आरवाडे कुणालातरी फोनमधला व्हिडिओ दाखवत होते: "हे बगा, हे कोसळलं. अगदी समोर." मी बाहेर पळालो. बाई कठड्याशी एकट्या होत्या, कानांवरून शाल घट्ट बांधलेली. मी चष्मा पुढे केला. त्यांनी तो घातला, दोन्ही हातांनी नीट बसवला आणि मागे पाहिलं. एक काळा डोंगर आड आला होता. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. हिमनदी त्या डोंगराच्या मागे राहिली होती.

त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या.

"बाई, चुकलं माझं."

"निळं होतं काहीतरी," त्या म्हणाल्या. "मोठं, आडवं, निळं. एवढंच कळलं. मी फळ्यावर पांढरी काढायचे."

"आरवाड्यांनी व्हिडिओ घेतलाय. तो बघा."

"तो मुलींना मिरजेत बसून मिळाला असता." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही नॉर्वेला गेला नव्हतात, हळबे."

मी माकडटोपी काढून हातात घेतली.

"बैठकीतच कळलं मला. तुम्ही पेंग्विन म्हणालात ना, तेव्हा. पेंग्विन दक्षिणेकडे असतात. इकडे आयुष्यभर जहाज फिरवलंत तरी एक दिसणार नाही. पाचवीच्या मुलीला येतं हे."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मंदार तिथं उभा होता. आणि मनात म्हटलं, बोलू दे. मी तरी काय केलं? चौतीस वर्षं न बघताच शिकवलं की."

मला जरा हायसं वाटलं. इतका निर्लज्ज होतो मी तेव्हा, वाटलं, सुटलो.

"पण मी पाहिलीय असं कधी म्हणाले नाही," बाई म्हणाल्या. "मुलींनी विचारलं की सांगायचे, नाही पाहिली, पुस्तकात आहे ते सांगते. दर वर्षी विचारायच्या. दर वर्षी तेच सांगायचे. लाज वाटायची थोडी, पण तेच सांगायचे."

वारा आमच्या दोघांच्या मधून गेला. मला माझे कपड्यांचे चारही थर पुरेनात.

"आणि सगळं कळत असून मी चष्मा ठेवला, हा माझा मूर्खपणा. पाटी वाचली होती मी. पण तुम्ही बोलता असे, की वाचलेलं खोटं वाटायला लागतं." त्या आत जायला वळल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "आवाज मात्र ऐकला. आवाजाचं कुठल्या पुस्तकात नव्हतं."

उरलेले चार दिवस मी एकही सूचना दिली नाही. मंडळी म्हणाली, हळबेंना थंडी बाधली.

पुढच्या वर्षी मंदारने पुन्हा त्याच कार्यालयात बैठक घेतली. जुन्या प्रवाशांनाही बोलावलं होतं. तिसऱ्या रांगेत बाई बसल्या होत्या, लांबचा चष्मा लावून. मंदारने ओळख करून दिली: नॉर्वे आणि अलास्का, दोन्ही स्वतः अनुभवून आलेले आपले मामा. सत्तर माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"मी नॉर्वेला कधी गेलेलो नाही," मी म्हणालो. "अलास्काला गेलो, पण हिमनदी पाहिली नाही. ती समोर होती तेव्हा मी पाचव्या मजल्यावर, माझ्यामुळे हरवलेला एका बाईंचा चष्मा शोधत होतो. त्याआधी मी फक्त कोयनेच्या होडीत बसलोय आणि तिथेही ओकलोय."

सभागृह खळखळून हसलं. आरवाडे तर मांडीवर थापा मारत होते. मी म्हणालो, "विनोद नाही, खरं सांगतोय," तेव्हा लोक आणखी हसले. मंदार कानाशी येऊन म्हणाला, "मामा, काय फक्कड सुरुवात केलीत. दर वर्षी हीच करा."

दर वर्षी करतो. दर वर्षी हसतात.

त्या दिवशी वडे वाटले जात होते तेव्हा मी बाईंपाशी गेलो. विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं, "मुलींचा तास घेतलात?"

"घेतला. निळ्या खडूनं काढली. म्हटलं, तुटते तेव्हा आधी दिसतं, मग ऐकू येतं. मला फक्त ऐकू आलं."

"त्यांनी विचारलं असेल, का म्हणून."

"विचारलं. सांगितलं, चष्मा खुर्चीवर ठेवला होता."

"माझं नाव?"

"तुमचं नाव कशाला? चष्मा मी ठेवला होता." त्यांनी वड्याची बशी माझ्या हातात दिली, पर्स उचलली आणि गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठल्या. "आज बरं बोललात, हळबे. पेंग्विन नव्हते."